हळदीतली दोन बोटं

१

कलशात सासूबाई नव्हत्या.

अश्लेषाने कापडाची गाठ सोडली, झाकण काढलं, आत पाहिलं आणि ती तशीच बसून राहिली. काहीच वाटलं नाही. सासूबाई गेल्यापासून असंच चाललं होतं. गोष्टी डोळ्यांना दिसत, पण आत कुठे पोहोचत नसत.

कलश उघडायचं कारण साधं होतं. विमान कंपनीच्या बाईने फोनवर सांगितलं होतं की धातूच्या भांड्यातलं यंत्रात दिसत नाही, अस्थी प्लास्टिकच्या किंवा लाकडी डब्यात हव्यात. अश्लेषा पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. तिथून तिने पांढरी, नवी, घट्ट झाकणाची बरणी आणली होती. संध्याकाळच्या विमानाने चुलतदीर प्रबोध ती घेऊन जाणार होता.

सिंगापूरच्या मंदाई स्मशानात तिने आणि नवऱ्याने, सुयशने, स्वतःच्या हातांनी अस्थी वेचल्या होत्या. बऱ्याचशा इथेच, परवानगीच्या जागी, समुद्रात सोडल्या. मूठभर गावाकडे न्यायला ठेवल्या. करड्या-पांढऱ्या, हलक्या, काठाशी धारदार. शिंपल्यांच्या तुकड्यांसारख्या. बोटांना ते अजून आठवत होतं.

आता कलशात पांढरीशुभ्र, चमचमणारी भुकटी होती. तिने चिमूट भरून अंगठा आणि तर्जनी सैल केली. टेबलावर एक सरळ, बारीक रेघ पडली.

डोक्याआधी हाताने ओळखलं. रांगोळी.

कलशाचं तोंड बांधलेलं कापड हळदीचं होतं. सासूबाई सवाष्ण गेल्या म्हणून अश्लेषानेच पांढरं कापड ओल्या हळदीत बुडवून वाळवलं होतं आणि तेरावं झाल्यावर स्वतः गाठ मारली होती. तिने ते कापड उजेडाकडे धरलं. गाठीच्या जवळ, पिवळ्यावर, बोटांच्या टोकांएवढे दोन ठसे होते. लालभडक नव्हेत, तपकिरीकडे झुकणारे.

"झालं का वहिनी? मला दोन वाजता टॅक्सी सांगायचीय." प्रबोध खोलीतून बाहेर आला, टेबलाशी थबकला. त्याने कापड पाहिलं, कलश पाहिला.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे रक्त आहे."

२

उर्मिला गोविंद सरपोतदार. माजी आमदार, दोन वेळा निवडून आलेल्या. दहा वर्षांपूर्वी त्या नवऱ्यासह मुलाकडे मरीन परेडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. बाजारात त्यांना कुणी ओळखत नसे आणि त्यांना ते आवडे. "इथे मला रांगेत उभं राहता येतं," त्या म्हणत.

आता हॉलच्या कोपऱ्यात त्यांचा फोटो होता. हार, निरांजन, पितळी पानडबा, शेजारी स्टीलच्या ताटलीत पानाचं साहित्य आणि रोजच्यासारखा एक ताजा विडा.

प्रबोधच्या आवाजाने सगळे जमले. सुयश कानातले इअरफोन काढत आला, त्याची बँकेची मीटिंग चालू होती. पंधरा वर्षांची अदिती दारात टेकून उभी राहिली. सासरे गोविंदराव आपल्या खुर्चीतून उठले नाहीत. ते फक्त फोटोकडे बघत राहिले.

"कोणाच्या घरातून अस्थी चोरीला जातात? पोलिसांना बोलवा," प्रबोध म्हणाला.

"थांबा भाऊजी." अश्लेषाने स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणली. एका ठशाच्या कडेला एक थेंब पिळला. तपकिरी लाल रंग बघता बघता विरघळला आणि खालून निखळ पिवळा वर आला.

"रक्त असं पिवळं होत नाही," ती म्हणाली. "हळदीला सोड्यासारखा अल्क लागला की ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी."

"म्हणजे साबण," सुयश म्हणाला. "हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो. आई नेहमी सांगायची."

अश्लेषाने मान हलवली. या घरात हात धुवायला बाटलीतला पातळ साबण होता. तिने त्याचा थेंब कापडाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर चोळला. पिवळं पिवळंच राहिलं. मग ओल्या बोटाने रांगोळी चोळली. तरी पिवळंच.

"धुण्याची पावडर असती तर पसरट डाग पडला असता. हे दोन ठसे घट्ट आहेत, काठाशी जाड. बोटाला काहीतरी लेपासारखं लागलेलं होतं." ती क्षणभर थांबली. "चुना."

मग सुयशची नजर हळूच प्रबोधच्या शर्टाच्या खिशाकडे गेली. गावाकडे त्या खिशात काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं. तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, वर अंगठा.

"माझ्याकडे काय बघता?" प्रबोध म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप खिशावर गेला.

३

अश्लेषाने त्याला बाल्कनीत नेलं. खाली तरणतलाव होता, त्याच्या पलीकडे झाडांच्या वर समुद्राची पट्टी. जहाजं एकाच जागी उभी असल्यासारखी वाटत होती.

"खिसा दाखवा."

प्रबोधने मुकाट्याने खिशातली पुडी काढली. लवंगा.

"तंबाखू मुंबईच्या विमानतळावर कचऱ्यात टाकली. चुन्याच्या ट्यूबसकट. तिथे एक जण म्हणाला, सिंगापुरात सापडलात तर दंड, वर तुरुंग. आल्यापासून लवंगा चावतोय वहिनी, जीभ जळली. जिल्हा परिषदेचा सभापती मी, आणि तुमच्या अदितीला विचारतो, कोपऱ्यावर काही मिळतं का? ती इथल्या ढंगात म्हणते, काका, धिस इज सिंगापूर लाह."

अश्लेषा हसली नाही, पण तिने विश्वास ठेवला. तो आल्यापासून चिडचिड करत होता, चहा पाचपाच वेळा मागत होता. तंबाखू सुटलेला माणूस असाच असतो. शिवाय दुसरंही होतं.

"भाऊजी, या कलशाचं तुम्ही तिकडे काय करणार होतात?"

"यात्रा. गावोगाव दर्शन. शेवटी धरणाच्या घाटावर विसर्जन. फ्लेक्स लागलेत, गाडी सजलीय. माणसं वाट बघतायत."

"आणि निवडणूक?"

"ती येतेच आहे. त्यात लपवायचं काय?" तो सरळ म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी चौथीत होतो. ती आमदारकी बाबांची. पोटनिवडणुकीत सहानुभूतीचं तिकीट घरात राहावं म्हणून काकूंना उभं केलं, मी मोठा होईपर्यंत. त्या पुढे काय काय करून बसल्या ते सोडा. आता निदान जाताना तरी घराण्याला हात देतील."

ज्याला अस्थी मिरवायच्या आहेत तो त्या बदलणार नाही. ज्याने बदलल्या त्याला कलश जायला हवा होता, पण उर्मिलाबाई जायला नको होत्या. अश्लेषाने हे मनात मांडून ठेवलं, प्रयोगाच्या वहीत आकडा लिहावा तसं.

ती वळली तेव्हा प्रबोध मागून म्हणाला, "चुना शोधत असाल तर लांब कशाला जाता? तुमच्याच हॉलमध्ये आहे. काकूंच्या फोटोपुढे."

४

खरंच होता. ताटलीत अडकित्ता, सुपारी, काताची पुडी आणि चुन्याची छोटी डबी. रोज समोर असणारी वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते. अश्लेषा ताटलीकडे बघत राहिली. तिथे काहीतरी चुकलेलं होतं, पण काय ते तिच्या हाती लागेना.

सासूबाईंना जेवणानंतर विडा लागायचा. गोविंदराव करून द्यायचे. ते स्वतः पान खात नसत. आणि त्या गेल्यावरही त्यांनी विडा करायचं थांबवलं नव्हतं. रोज एक फोटोपुढे.

"म्हणजे बाबा?" सुयश बेडरूममध्ये दार लावून म्हणाला. "अगं, काहीतरी काय? यात्रेला हो कोण म्हणालं? बाबाच. आई गेली त्या सकाळी प्रबोधचा फोन आला, बाबांनी घेतला, आणि म्हणाले, ने. मला विचारलंही नाही."

"तुला नको होतं ना?"

"मला सगळंच समुद्रात सोडून मोकळं व्हायचं होतं." तो पलंगाच्या कडेवर बसला. "मी चोर असतो तर बरं झालं असतं, अशू. निदान काहीतरी केलं असतं."

"चुना कुणाच्याही हाताला लागू शकतो. रांगोळीचा डबा कुठे असतो, तुला माहितेय?"

"आपल्याकडे रांगोळी आहे?"

तो खोटं बोलत नव्हता. घरात मीठ कुठे असतं तेही त्याला माहीत नव्हतं.

"सुयश, तू धरणाच्या घाटावर कधी गेलायस आईंबरोबर?"

तो चादरीची सुरकुती बोटाने सरळ करू लागला.

"एकदाच. शेवटचं. तुला ती गोष्ट माहीत नाही पूर्ण." त्याने चष्मा काढला. "पहिल्या वेळी आई नावाची आमदार होती. कागद बाबा वाचायचे, भाषण बाबा लिहायचे, आई सही करायची. लोक बाबांनाच आमदारसाहेब म्हणायचे. धरणात सहा वाड्या जाणार होत्या. एक आईच्या माहेरची, करंजवाडी. लोक उठायला तयार नव्हते. बाबांनी भाषण लिहून दिलं आणि आईने ते वाचलं. धरणाखाली ओलिताची जमीन देतो, उठा. आपली पोर सांगतेय म्हणून लोक उठले."

"आणि जमीन?"

"कालव्याखालच्या जमिनी ज्यांच्या होत्या, ते सगळे पक्षाचेच. कुणालाच मिळाली नाही. दुसऱ्या वेळी आई बदलली. बाबांचं भाषण बाजूला ठेवून सभागृहात उभी राहिली, आपल्याच सरकारविरुद्ध. अध्यक्ष खाली बसा म्हणाले, बसली नाही. पुढच्या वेळी तिकीट कापलं. ज्या दिवशी आमदारकी संपली त्या दिवशी ती घाटावर गेली, करंजवाडीच्या माणसांसमोर उभी राहिली. म्हणाली, तुम्हाला जमिनी मिळेपर्यंत या पाण्याला माझा स्पर्श होणार नाही. जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही."

अश्लेषाच्या हातात अजून ते कापड होतं.

"आणि प्रबोध त्याच पाण्यात..."

"प्रबोधला माहितेय. तो म्हणतो, राजकारणात शपथा असतातच. अस्थी पाण्यात पडल्या की लोक म्हणतील, ताईंनी माफ केलं. विषय संपेल."

दारावर टकटक झाली. अदिती होती. तिच्या हातात रांगोळीचा प्लास्टिकचा डबा होता, तळ दिसत असलेला.

"मम्मा," ती म्हणाली, "धिस वॉज फुल."

५

"रेशियल हार्मनी डेला मी स्कूलमध्ये नेला होता," अदिती म्हणाली. "थोडासाच संपला. मी परत देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि बिफोर यू आस्क, नॉट मी, ओके? व्हाय वुड आय टेक आजी? आय मिस हर." तिने डबा अश्लेषाच्या हातात ठेवला, डोळे पुसले आणि रागाने म्हणाली, "एव्हरीवन हिअर इज सो क्वायट. आय हेट इट."

अश्लेषाला तिला जवळ घ्यायचं होतं. हात उचलला गेला नाही. अदिती निघून गेली.

देवघराचा ड्रॉवर. सासूबाई दारात रोज रांगोळीच्या चार रेघा काढत. गुडघे दुखायचे म्हणून स्टुलावर बसून वाकत, आणि डबा गोविंदराव धरून उभे राहत. समोरच्या चिनी आजीबाई ते बघायला मुद्दाम दार उघडत. "तुमचे मिस्टर चांगले असिस्टंट," त्या इंग्रजीत म्हणत. सासूबाई उत्तर देत, "तीस वर्षांनी प्रमोशन झालंय त्यांचं."

ती हॉलमध्ये आली. गोविंदराव तसेच बसले होते. तिने त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं.

"बाबा, कलश उघडताना कुणाला पाहिलंत?"

"नाही. कुणालाच पाहिलं नाही."

"आई कुठे गेल्या असतील, काही कल्पना?"

"ती कुठेही गेलेली नाही."

"प्रबोधभाऊजींना तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो." त्यांनी डोळे मिटले. "तो रडत होता फोनवर. भावाचा मुलगा. मी म्हणालो, ने बाबा, तिची काही हरकत नसेल."

म्हाताऱ्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि तर्जनी टोकाशी कोरडी, भेगाळलेली होती. चुन्याने कातडी अशीच होते. पण ती रोज विडा केल्यामुळेही होते. त्यातून काही सिद्ध होत नव्हतं.

निरांजनातलं तेल संपत आलं होतं. अश्लेषा तेल घालायला उठली. ताटली मध्ये येत होती म्हणून तिने ती सरकवली आणि अडकित्ता खणकन वाजला.

ती थांबली.

चुन्याची डबी, कात, सुपारी, अडकित्ता. सगळं ताटलीत, उघड्यावर. आणि बोटभर अंतरावर पितळेचा पानडबा, ज्याच्यात या प्रत्येक वस्तूला आपापला कप्पा होता. सासूबाई तो डबा मुंबईहून मांडीवर घेऊन आल्या होत्या. गोविंदराव तर काटेकोर माणूस. अडकित्ता वापरला की पुसून, डब्यात, आपल्या कप्प्यात. गेली दहा वर्षं तिने पाहिलं होतं.

मग आता सगळं बाहेर का?

कारण आत जागा नव्हती.

तिने डब्याकडे हात नेला नाही. वळून सासऱ्यांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

६

सगळ्यांना तिने जेवणाच्या टेबलाशी बसवलं. प्रबोधची बॅग दाराशी तयार होती. अश्लेषा नेहमीसारखीच बोलली, सपाट आवाजात, प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तशी.

"हळदीवरचे ठसे चुन्याचे. साबण नाही, रांगोळी नाही, रक्त नाही. तंबाखूचा चुना असता तर अंगठ्याचा ठसा असता, कारण मळायला अंगठा लागतो. हे तर्जनी आणि मधल्या बोटाचे आहेत, पानावर चुना पसरणाऱ्या बोटांचे. भाऊजींकडे चुना नव्हता आणि अस्थी बदलून त्यांचं नुकसानच होतं. सुयशला रांगोळी घरात आहे हेच माहीत नव्हतं. अदितीने संपलेला डबा स्वतः आणून दिला."

"मग उरलं कोण?" प्रबोध म्हणाला, आणि लगेच त्याचा आवाज खाली आला. "काका?"

"बदलणाऱ्याला कलश रोखायचा नव्हता. दिलेला शब्द मोडायचा नव्हता. फक्त आईंना त्या पाण्यात जाऊ द्यायचं नव्हतं. शब्द ज्याने दिला, त्यालाच ही अडचण होती." तिने गोविंदरावांकडे पाहिलं. "बाबा, विडा करता करता उठलात ना? हात न धुताच?"

"हात धुवायला गेलो असतो तर धीर गेला असता," ते म्हणाले.

त्यांनी उठून पानडबा आणला, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. कप्पे काढून टाकलेले होते. तळाशी सासूबाईंच्या जुन्या खणाचा तुकडा पसरला होता आणि त्यावर करडे-पांढरे, हलके तुकडे. सुयशने तोंडावर हात घेतला. अदिती उठून आजोबांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

प्रबोध आधी सावरला.

"ठीक आहे. सापडल्या ना? वहिनी, बरणी द्या. माझं विमान आहे."

"नाही," गोविंदराव म्हणाले.

"काका, तुम्ही शब्द दिलाय."

"दिला. मी आयुष्यभर तिच्या वतीने शब्द देत आलो. करंजवाडीला जमिनीचा शब्द दिला तोही माझाच होता, तोंड तिचं होतं. ती गेली त्या सकाळी तुझा फोन आला आणि मी परत तेच केलं. सवय आहे रे. दोन दिवस मला कळलंही नाही मी काय बोलून बसलो."

"मग तेव्हाच सांगायचं होतंत! ही रांगोळी कशाला? माझ्या हातून रांगोळीचं विसर्जन करवणार होतात? अख्ख्या तालुक्यासमोर?"

"हो. ते चुकलं माझं. तुझंही हसं झालं असतं आणि लोकही फसले असते. मला वाटलं, ती वाचली म्हणजे झालं. समोर उभं राहून नाही म्हणणं हे तिचं काम होतं. मला कधी जमलं नाही."

"आता जमवताय," प्रबोध कडवटपणे म्हणाला. "आणि मी तिकडे काय सांगू? फ्लेक्स लागलेत. काय सांगू लोकांना?"

"खरं सांग. सांग की काकू यायला तयार नाहीत. जमिनी अजून मिळालेल्या नाहीत." त्यांनी प्रबोधला मध्ये बोलू दिलं नाही. "तू सभापती आहेस. उद्या आमदार होशील. करंजवाडीच्या माणसांच्या नावावर जमीन चढव. ज्या दिवशी चढेल त्या दिवशी मी स्वतः हा डबा मांडीवर घेऊन येतो. मी नसलो तर सुयश येईल. मग हवी तेवढी यात्रा काढ."

"आणि नाही मिळाल्या तर?"

"तर ती इथेच. तिला रांगेत उभं राहायची सवय आहे."

मग प्रबोधने कलश उचलला, आतली रांगोळी टेबलावर ओतली, उलटा करून झटकला आणि बॅगेत घातला.

"हा माझ्या आईचा आहे, मीच आणलेला," तो म्हणाला. "तांब्याचा. परत न्यावा लागेल." दाराशी तो थांबला. "काका, करंजवाडीची किती घरं अजून धरणाकाठी आहेत हेही मला ठाऊक नाही."

"तिला ठाऊक होतं. नावांसकट," गोविंदराव म्हणाले. "घाटावर जाऊन विचार. सांगतील."

दार लागलं. सुयश त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला खाली गेला.

अश्लेषाने हळदीचं कापड मोरीत नेलं. कपड्यांचा वडीसाबण घेतला आणि घासला. सगळं कापड एकदम लाल झालं, कुंकवासारखं, कडेपासून कडेपर्यंत, आणि ते दोन ठसे त्यात नाहीसे झाले. असं होणार हे तिला माहीत होतं. का होतं तेही माहीत होतं. तरी ती नळ बंद करायला विसरली आणि त्या लाल पाण्याकडे बघत राहिली.

"मम्मा?" अदिती मागे उभी होती. "आर यू क्रायिंग?"

"हो," अश्लेषा म्हणाली. "थांब जरा. इथेच थांब."

तिने कापड पिळून बाल्कनीत वाळत घातलं. हळद उन्हात उडते. दोन-तीन दिवसांत ते पांढरं होईल. हॉलमध्ये गोविंदराव पानाला चुना लावत होते आणि तो पानाच्या कडेबाहेर जात होता. ती त्यांच्याशेजारी बसली.

"द्या बाबा. मी करते आजचा."